दोन्ही आरशांत

बसा. ती खुर्ची ओली असेल, ही घ्या. दिवा असू द्या मध्येच. कॉफी कडक आहे, आमच्या घरात अशीच लागते.

मघाशी मी ट्रेलर मागे घेत होते तेव्हा तुम्ही पावसात धावत मदतीला आलात आणि मी तुम्हाला जवळजवळ हाकलूनच दिलं. राग मानू नका. पिकअपचे दोन्ही आरसे मी मिटून का ठेवले होते, असं तुम्ही विचारलंत. आणखीही एक प्रश्न विचारलात. त्याचं उत्तर शेवटी देते. आत्ताच दिलं तर तुम्ही कॉफी टाकून उठाल.

मी ऐली कोस्केला. मिशिगनच्या पार वरच्या टोकाला आमचं गाव आहे. माझा नवरा रेनो आणि मी चाळीस वर्षं हा ट्रेलर, हे चाकांवरचं घर, पिकअपमागे ओढत हिंडलो. हाच नव्हे म्हणा, याच्या आधी दोन होऊन गेले. तो चालवायचा आणि जागेवर पोचलो की मी खाली उतरायची. मागे उभी राहून हात हलवायची, डावीकडे घे, उजवीकडे घे, ये, ये, ये, बस्स. तुम्ही नवे दिसता म्हणून सांगते. चालवणाऱ्याला ट्रेलरच्या मागचं काही म्हणजे काही दिसत नाही. मागचा माणूस सांगेल ते त्याने ऐकायचं. मागचा माणूस आरशात दिसेनासा झाला की ब्रेक दाबायचा. दिसतोय तोवर निर्धास्त यायचं. आमच्या लोकांत यावरून घटस्फोट व्हायची वेळ येते. कॅम्पात कुणी जोडपं ट्रेलर लावायला आलं की बाकीचे सगळे खुर्च्या तिकडे वळवून बसतात आणि बियर उघडतात. रेनोने तर मला भर कॅम्पात "तू हात हलवतेस की माश्या हाकलतेस?" असं विचारलं होतं. मी त्याला तिथेच सोडून तळ्यावर निघून गेले होते.

रेनो गेला आणि वर्ष उलटायच्या आत आमचा आर्वो मागे लागला.

"आई, विकून टाक तो ट्रेलर. गिऱ्हाईक तयार आहे."

"का? मला काय धाड भरलीय?"

"सत्तरी ओलांडलीस. एकटी कुठे जाणार आहेस तू? आणि मागे कोण उभं राहणार?"

हे शेवटचं मला झोंबलं. चाळीस वर्षं मी पावसात उभी राहिले आणि आता माझ्या मागे उभं राहायला कुणी नाही म्हणून मी घरात बसायचं? मी म्हटलं, एकदा एकटी जाऊन येते. ट्रेलरला एक ओरखडा जरी आला तर विक, मी सही करून देईन. नाही आला तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत मी उन्हाळाभर सराव केला. रिकामे डबे मांडायचे आणि त्यांच्यामधून मागे यायचं. पाद्रीबुवांचं कुंपण एकदा पडलं, पण ते आमचं आपसांत मिटलं.

सप्टेंबरच्या शेवटी आमच्या नेहमीच्या सरकारी उद्यानात गेले, हेरॉन तळ्यावर. शाळा सुरू झालेल्या, कॅम्प जवळजवळ रिकामा. दारावर डेल्बर्ट होता. निवृत्त टपालवाला, उन्हाळाभर तिथेच स्वतःच्या ट्रेलरमध्ये राहून कॅम्पावर लक्ष ठेवतो. आमची ठरलेली जागा ओळीच्या शेवटाकडे, तळ्याकडे पाठ करून. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं की मी तिथे जावं असं त्याला वाटत नव्हतं.

"कोस्केलाबाई, पुढची घ्या की एखादी. सगळ्या मोकळ्याच आहेत."

"रेनोची जागा आहे ती."

"बरं... मग मी येतो मागे उभा राहायला."

"तू पावसात भिजू नकोस, तुझे गुडघे धड नाहीत," म्हटलं आणि निघाले. खरं म्हणजे मला साक्षीदारच नको होता.

संध्याकाळ होत आली होती. झिमझिम पाऊस, तळ्यावरून धुकं सरकत आत येत होतं. चिखलाचा, कुजक्या शेवाळाचा वास काच बंद असूनही आत येत होता. पिकअप तिरकी लावली, रिव्हर्स टाकला, डाव्या आरशात पाहिलं.

मागे कुणीतरी उभं होतं.

पिवळा रेनकोट, टोपी डोळ्यांवर ओढलेली. बाईमाणूस. मला वाटलं, शेजारची कुणीतरी आली असेल, आपल्याकडे लोक येतातच. हात वर करून ती बोलवत होती. ये... ये. अगदी सफाईदार हात. सरळ सांगते, मला बरं वाटलं. सगळा सराव, सगळा हट्ट बाजूला ठेवून मी तिच्या हाताकडे बघत मागे येऊ लागले. चाळीस वर्षांची सवय, मागचा माणूस सांगेल ते ऐकायचं.

ये... ये... ये...

ट्रेलर वळला. वळला की डाव्या आरशातला माणूस ट्रेलरच्या आड जातो आणि तो धावत दुसऱ्या बाजूला येईपर्यंत आपण थांबतो. ती आड गेली नाही. तिथेच दिसत होती. सहज म्हणून मी उजव्या आरशात पाहिलं.

तिथेही ती होती.

तोच रेनकोट, तोच हात. दोन्ही आरशांत एकाच वेळी, मधे आठ फूट रुंद ट्रेलर असताना. आणि दोन्हीकडचा हात एकत्र वर जात होता, एकत्र खाली येत होता. ये... ये...

मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. हॅन्डब्रेक ओढला आणि खाली उतरले. मागे कुणी नव्हतं. गवत होतं, गुडघ्याएवढं. गवतातून पुढे पाय टाकला तर पाय टेकेना. तळ्याची कड त्या उन्हाळ्यात खचून पार आत आली होती आणि वर गवत तसंच लोंबत होतं. ट्रेलरचं मागचं चाक आणि तो खड्डा यांच्यामध्ये माझी खुर्चीसुद्धा मावली नसती.

डेल्बर्ट तेवढ्यात त्याची छोटी गाडी घेऊन आलाच. माझा चेहरा त्याने पाहिला.

"दिसली का?" एवढंच म्हणाला.

"कोण आहे ती?"

"तुमच्या शेजारी आणखी एक जागा होती, आठवतंय? आता तळ्यात गेली ती. याच उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक जोडपं आलं होतं, असंच पावसात. ती मागे उभी राहून बोलवत होती. कड खचली... ट्रेलर तिच्यावर गेला. नवरा वाचला. तो एकच सांगत होता, ती शेवटपर्यंत 'ये' म्हणत होती म्हणून. तिच्या पायाखालची माती सरकत होती... तरी ये, ये." डेल्बर्टने टोपी काढून पाणी झटकलं. "ती अजून दिसते हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक हसतात. घरी जा, बाई. मी आर्वोला फोन करतो."

आर्वोचं नाव काढलं आणि माझी भीती कुठल्या कुठे गेली. म्हणजे गेली नाही, पण तिच्या उरावर संताप चढून बसला. फोन गेला असता तर आर्वो तासाभरात हजर झाला असता, त्याने मला मागच्या सीटवर बसवलं असतं आणि मग उरलेलं आयुष्य मी मागच्या सीटवरच काढलं असतं.

"फोनला हात लावलास तर याद राख," मी म्हटलं. आणि त्या गवताकडे वळून, डेल्बर्टच्या देखत, मी ओरडले, "ए बाई! हे काम मी चाळीस वर्षं केलंय! मागे खड्डा असताना 'ये' म्हणणारीला आमच्यात काय म्हणतात ठाऊक आहे का? तुझं वाईट झालं, मान्य. पण माझा ट्रेलर तुला मिळायचा नाही!"

डेल्बर्ट चर्चमध्ये असल्यासारखा टोपी छातीशी धरून उभा होता.

मग मी पिकअपचे दोन्ही आरसे मिटले. ट्रेलर पुढे घेतला आणि परत मागे घेऊ लागले, पण आता कुणाचंच न ऐकता. हातभर मागे यायचं, ब्रेक दाबायचा, उतरून मागे जाऊन डोळ्यांनी बघायचं, परत चढायचं. किती वेळा उतरले देव जाणे, पायांचे तुकडे पडले. मागच्या चाकांमागे सरपणाचे ओंडके लावले. पण लावला ट्रेलर, रेनोच्याच जागेवर, कडेपासून लांब आणि सरळ.

आत जाऊन पेस्टी, म्हणजे आमच्याकडची सारण भरलेली भाजकी करंजी, गरम करायला ठेवली. मटण-बटाट्याचा वास सुटला, जरा जिवात जीव आला. तेवढ्यात बाहेर खडीवर पावलं वाजली. ट्रेलरच्या मागच्या भिंतीवर कुणीतरी दोन थापा मारल्या. आमच्यात दोन थापा म्हणजे काम झालं, इंजिन बंद कर. रेनोसाठी मीच मारायची. मी थाळी खाली ठेवली, उठले आणि आतून त्याच जागेवर तीन दणके घातले, चल नीघ म्हणून. ती मुक्काम संपेपर्यंत गप्प राहिली.

तीन दिवस राहिले तिथे. कुणाच्या बापाला भ्याले नाही. घरी परतले ती भर दुपारी, लख्ख उन्हात. आर्वो ओसरीवर उभा होता, मुद्दाम सुट्टी घेऊन ओरखडे मोजायला आलेला. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आरसे मिटले आणि आमच्या अंगणातल्या उतारावरून ट्रेलर मागे घेऊ लागले. निम्म्यात थांबले, कारण आता माझी तशीच रीत झाली होती. हातभर मागे यायचं की उतरून बघायचं.

उतरून मागे गेले.

ट्रेलरच्या मागे, चाकाकडे पाठ करून, वीतभर अंतरावर आमची लूमी बसली होती. आर्वोची मुलगी, चार वर्षांची. खडूने सिमेंटवर मासा काढत होती.

मी तिला उचलून कडेवर घेतलं. आर्वो हसत हसत खाली उतरत होता.

"आई, मानलं तुला! एक ओरखडा नाही. पण मधेच का थांबलीस? मागे जागा होती की. ती तुला बोलवत होती ना, ये, ये म्हणून."

"कोण?"

"तुझी मैत्रीण. रेनकोटवाली. ती होती म्हणून तर मी खाली आलो नाही." मग त्याला लूमी दिसली. ती कुठून उचललीय ते दिसलं. त्याने तिला माझ्या हातातून ओढूनच घेतलं.

"लूमी," मी हळूच विचारलं, "तू इथे कशाला बसलीस गं?"

"त्या आजीने सांगितलं," लूमी म्हणाली. "इथे बस म्हणाली."

कडक ऊन होतं आणि सिमेंट कोरडं ठणठणीत होतं. फक्त लूमीच्या माशाशेजारी दोन पावलं ओली होती, शेवाळाचा वास येणारी.

आर्वो मुलीला छातीशी धरून ओरडायला लागला, विकून टाक, आजच विक, जाळून टाक. मी त्याला ओरडू दिलं. मग म्हटलं, "विकायचा कुणाला? ज्याच्या घरात चार वर्षांची पोर आहे, त्याला?"

तो ओसरीच्या पायरीवर बसला.

"जाळला आणि ती इथेच अंगणात राहिली तर? नाही, आर्वो. ती ट्रेलरच्या मागे लागलीय, तर ट्रेलरच्याच मागे राहू दे. आणि ट्रेलर माझा आहे."

त्याच संध्याकाळी निघाले. या गोष्टीला चार वर्षं झाली. लूमीला मी फोनवर भेटते, घरी गेलेच तर ट्रेलर दूर कुठेतरी सोडून बसने जाते. रडू येतं कधीकधी, नाही असं नाही. पण मी घाबरून हिंडत नाही, एवढं लक्षात ठेवा. रोज हातभर मागे येते, उतरते, बघते. चार वर्षांत तिच्या हाती काही लागू दिलेलं नाही आणि ट्रेलरला एक ओरखडा नाही.

तर तुमचा दुसरा प्रश्न. तुमची मैत्रीण एवढ्या पावसात बाहेर का उभी आहे, तिला आत का बोलवत नाही, असं विचारलंत ना?

उभी राहू दे तिला. तिला मी कधी खुर्ची दिलेली नाही, देणारही नाही.

पण तुमची मुलं मघाशी माझ्या ट्रेलरच्या मागे खेळत होती. त्यांना हाक मारा. नाही, इथून नको... उठा, आणि स्वतः जाऊन बघा.