निमंत्रकांच्या पहिल्या ओळीत

निमोण्यात लग्नपत्रिका कुणी वाचत नाही. आपलं नाव छापलंय का आणि कितव्या ओळीत, एवढंच बघतात. नाव छापायचं राहिलं, तर माणूस वर्षभर त्या घरचं पाणी पीत नाही. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर सांभाळणारी अनिता दोन महिने घसा कोरडा करून सांगत होती, की व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका म्हणून फाईल येते, ती उघडू नका, फोन चोराच्या ताब्यात जातो. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि गावात ती पहिली उघडली कुणी, तर तिच्याच सासऱ्यांनी.

"आबा, रोज सांगत व्हते ना मी?"

"मग नाव हाय का न्हाई, बघाय नको व्हय?" मारुतराव म्हणाले. "हाय. निमंत्रकांत पयल्याच वळीत हाय."

वर खूशही होते!

अशा फाईलीत पत्रिका नसतेच, असं अनिता लोकांना शिकवायची. इथं होती. गुरुवार, दुपारी बारा पस्तीस, कासुर्डी, हायवेलगत. खाली निमंत्रकांची लांबलचक यादी. वधूवरांची नावं मात्र कुठंच नव्हती.

शिरूरच्या मोबाईल दुकानात अजीमनं फोनमधलं सगळं दोनदा पुसलं.

"ताई, फोन कोरा केलाय," तो नजर चुकवत म्हणाला. "पत्रिका तेवढी जात न्हाई. मांडवगणच्या गेणबाकाकांच्या फोनातपन अशीच आली व्हती. त्यांची तारीख गेल्या गुरुवारची."

अनिता तशीच मांडवगणला गेली. त्या गुरुवारी गेणबा फेटा बांधून घरातून निघाले होते आणि संध्याकाळी कासुर्डीत एका उसाच्या बांधावर बसलेले सापडले. तब्येत ठणठणीत. पण घरातल्या एकालाही ओळखेनात. त्यांची बायको सोजराबाई समोर रडत होती आणि ते अवघडून दाराकडं बघत होते.

परतताना अनिता आबांचाच विचार करत होती. लग्नानंतर तिला शिकवण्यासाठी ते सगळ्या भावकीशी भांडले होते. त्यांनीच आपल्याला ओळखलं नाही तर?

गुरुवारी मारुतराव इस्त्रीचं धोतर नेसून तयार झाले.

"नाव छापलंय त्यांनी. न जाऊन चालंल व्हय? तूबी चल."

तिनं काहीतरी निमित्त काढून त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. त्या खोलीला खिडकी नव्हती. आबांचा बंद केलेला फोन मांडीवर घेऊन ती दाराला पाठ लावून बसली. आबांना कोंडल्याची तिला लाज वाटत होती.

आधी ते चिडले. मग दार वाजवू लागले. बारा पस्तीसला आवाज थांबला.

"आबा?"

आत टाळ्या वाजल्या. एका माणसाच्या नव्हत्या.

तिनं कडी काढली.

आबा खाटेवर एकटेच बसले होते. टोपीवर, खांद्यांवर अक्षता होत्या. तिनं त्या झटकल्या. त्यांचं कुंकू ओलं होतं, तिच्या बोटांना लागलं.

"आबा, मी अनिता."

ते अदबीनं बाजूला सरकले आणि तिला खाटेवर जागा करून दिली.

"बसा की," ते हसून म्हणाले. "तुमी नवरीकडच्या का?"