बादलीतली दोन नंबरची बाटली

माल : एक गुन्हा, ताजा.
भरल्याची वेळ : सकाळी नऊ ते अकरा.
मुदत : आज दुपारी चारपर्यंत.

"आधी बाटली बघा, मग बसा!" जिन गाळण्याच्या छोट्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी दारातच सांगितलं.

दादा तोवर बसलाही होता. खिशातून बिस्किटांचा पुडा काढून, त्याच्या रंगीत वेष्टनावर काळ्या ठिपक्यांत उमटवलेली तारीख तो डोळे बारीक करून वाचत होता. त्याची धाकटी बहीण मात्र थेट बर्फाच्या बादलीपाशी. खाजगी तपासाच्या धंद्यात तिला सगळे टाचणी म्हणायचे. अंगाने तशीच, आणि टोचायचीही तशीच. दादा तिची गाडी चालवायचा आणि, त्याच्या मते, तिचं डोकंही.

बादलीत जिनच्या दोन बाटल्या. गळ्यात पत्र्याचे बिल्ले : १ आणि २. एक नंबरचं रंगीत लेबल ठणठणीत. दोनचं काळं लेबल मात्र रडून काजळ ओघळावं तसं. नाव वाहून गेलेलं. तळाशी 'बॅच १२' एवढंच कसंबसं तग धरून.

"गेल्या खेपेला हॉटेलात बर्फात ठेवल्यावर आमची लेबलं विरघळली," मालकीणबाई भराभर सांगू लागल्या. "सगळा माल परत! त्यांची खरेदीवाली बाई आज चारला पुन्हा येतेय. शेवटची संधी, ताई. लेबलं छापायला दोन मशीनं बघायला आणलीत. एक शाईचं. रंग झकास, पण जिनचा थेंब पडला की पसरतो. दुसरं रिबनचं. पसरत नाही, पण रंग एकच, काळा. मी रिबनचंच घेणार होते. काल दोन्हींवर एकेक लेबल छापलं, स्वतः चिकटवलं, आज नऊला बर्फात ठेवलं. अकराला बघते तर हे!"

"मग शाईचं घ्या की," दादा म्हणाला.

"रिबनचं पाण्यात जात नाही, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल! कुणीतरी गडबड केलीय. कुठल्या मशीनवर भरवसा ठेवू, एवढं मला चारच्या आत कळायला हवं."

टाचणीने दोन्ही बाटल्या शेजारी उभ्या केल्या, वाकली आणि एक डोळा मिटला. दोनचं लेबल एकच्या लेबलापेक्षा जरासं खाली होतं. जरासंच.

"चिकटवताना माप कशाने घेता?"

"बोटांनी. तळापासून दोन बोटं वर. सासऱ्यांनी घालून दिलेली पद्धत. इथे सगळे तसंच लावतात."

"पट्टीने का नाही?" दादाने विचारलं.

"पट्टी हरवते. बोटं हरवत नाहीत."

*

संशयित पहिला : शाईच्या मशीनचा विक्रेता. गुळगुळीत दाढी, त्याहून गुळगुळीत बोलणं.

"मी सकाळपासून इथेच आहे, लपवतो कशाला? पण मला लबाडीची गरज काय? माल बोलतो! बाईंनी मशीन लावताना नमुन्याला एक बाटली दिली होती, अकरावी बॅच. तिचंच लेबल मी मशीनमध्ये भरलं. आणि जिन? फक्कड! पुढची कधी निघते, ते मात्र कुणी सांगत नाही."

संशयित दुसरा : भट्टीवाले काका. तांब्याच्या भांड्याला कान लावून उभे. हाताची बोटं मुसळासारखी.

"दोन्ही मशीनं भंगारात घाला! बॅचचा नंबर मी इतकी वर्षं हाताने लिहितोय. माझ्या अक्षराला काय झालं होतं?"

"विरघळलं," दादा म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की दादाने बिस्कीट पुढे केलं. काकांनी ते घेतलं. "बारावी बॅच आज सकाळी भरायला काढली," ते जरा निवळून म्हणाले. "तिच्यावर कुणाचं अक्षर चढतंय, बघू."

संशयित तिसरी : मालकीणबाईंची नणंद. लेबलावरची निळी फांदी पहिल्या बाटलीपासून तिनेच काढलेली. खोलीभर कागद, काडीसारखी बोटं रंगाने माखलेली.

"शाईच्या मशीनवर मी दोन दिवस माझं चित्रच छापून बघतेय. किती सुरेख येतं! साध्या कागदावरसुद्धा." तिने एक कागद दाखवला. "रिबनवर माझी फांदी कोळशाची होईल."

दादाचा पाय ब्रश बुडवलेल्या गढूळ बादलीला लागणार, तोच ती ओरडली, "हात लावू नका!"

"पाय होता," दादा म्हणाला.

*

दीड वाजला. टाचणीने रिबनच्या मशीनचं झाकण उघडलं आणि वापरलेली रिबन उलगडून खिडकीशी धरली.

"दादा, काय दिसतं?"

"काळी पट्टी. मधे अक्षरांची भोकं... अगं, हे तर लेबलच आहे!"

"रिबनवरची शाई लेबलावर जाते, तेवढी जागा मोकळी राहते. जे छापलं, ते ही विसरत नाही. किती लेबलं आहेत?"

"एकच. बॅच... ११."

टाचणी टाचा उचलून उंच झाली. ती अशी झाली की दादाला भूक लागायची. त्याने पुडा काढला.

"सगळ्यांना बोलाव. पळ!"

*

सगळे बादलीभोवती जमले.

"मालकीणबाई, तुम्ही रिबनवर छापलं ते ११. बर्फात भिजलं ते १२."

"अगं बाई! रिबनच्या मशीनमध्येही नमुन्याच्या बाटलीचं जुनंच लेबल भरलेलं होतं. मी बटण दाबलं, काळं उमटलं की नाही तेवढं पाहिलं."

"म्हणजे हे लेबल रिबनचं नाहीच. कुणीतरी शाईच्या मशीनवर, लेबलाच्या कागदावर नाही तर पाण्यानेही शाई पसरते अशा साध्या कागदावर, काळ्या रंगात दुसरं छापलं, दुसऱ्या बाटलीला लावलं आणि बिल्ला बदलला."

विक्रेता उसळला. "मशीन माझं म्हणून चोर मी?"

"बसा. तुम्हाला अकरावी बॅच ठाऊक. बारावीचं तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याने हे छापलं, त्याच्या हातून चालू बॅचचा नंबर आपसूक पडला. घरातलाच माणूस."

काका खाकरले.

"आणि घरातल्या माणसाने सवयीने माप घेतलं. दोन बोटं. पण हे लेबल मालकीणबाईंच्या लेबलाहून खाली बसलंय, म्हणजे बोटं त्यांच्यापेक्षा बारीक. काकांची दोन बोटं लागली असती, तर लेबल गळ्याशी गेलं असतं."

सगळ्यांच्या नजरा एकाच हाताकडे वळल्या. नणंदेने तो पदराखाली घेतला.

"आणि खरी दोन नंबरची बाटली," टाचणी हलकेच म्हणाली, "ब्रशांच्या बादलीत. हो ना?"

नणंद गेली आणि बादलीच घेऊन आली. "लेबल सोलून टाकणार होते. निघेचना. सकाळपासून साबणाच्या पाण्यात आहे." "वहिनी, पहिल्या बाटलीपासून माझी फांदी आहे तिच्यावर."

"मग मला सांगायचं नाही?"

"तीनदा सांगितलं. तीनदा तुम्ही बर्फाचं बोललात."

मालकीणबाईंनी तिच्या हातातली बादली घेऊन खाली ठेवली. दादाचा पुडा कुरकुरला.

"मला एक कळत नाही," तो वेष्टन न्याहाळत म्हणाला. "यावर चित्र रंगीत आहे, तारीख काळी. वेगवेगळी छापलीत की काय?"

सगळ्यांनी विक्रेत्याकडे पाहिलं. त्याने मान खाजवली.

"रंगीत चित्राचे रोल छापखान्यातून पक्क्या शाईत आधीच करून घेतात. बॅच आणि तारीख तेवढी रिबनने. बरेच जण तसंच करतात."

"मग सांगितलं का नाहीत?"

"बाई, मी शाई विकतो!"

टाचणीने आयुष्यात प्रथमच दादाकडे बिस्कीट मागितलं.

*

चार वाजता खरेदीवाली आली. नणंदेनेच गढूळ पाण्यातून बाटली उचलली, धुतली आणि बर्फात रोवली. मग शेजारी आपलं चित्र धरून उभी राहिली.

"सकाळपासून साबणाच्या पाण्यात होती," मालकीणबाई म्हणाल्या. "परीक्षा माझ्या नणंदेने घेतली. मी घेतली त्याहून कडक."

खरेदीवालीने बाटली काढली, लेबलावर जिनचा थेंब टाकला आणि अंगठा जोर लावून घासला. अंगठा उलटा करून उजेडात धरला.

स्वच्छ.

"आणि ही फांदी?" तिने चित्राकडे बोट दाखवलं. "ही लेबलावर येणार असेल तरच घेईन."

काकांनी हळूच विचारलं, "नंबर कुणाच्या अक्षरात?"

माल : जिन. बॅच १२.
चित्र : नणंद.
अक्षर : रिबन.
लेबल : तळापासून दोन बोटं वर. बोटं वहिनींची.