रिकाम्या पाकिटातला मजकूर

त्या दुपारी सुन्निवा कामावर आली ती एक किरकोळ दुरुस्ती उरकायला. डब्यात ब्रेड आणि तपकिरी चीज, थर्मासमध्ये कॉफी, आणि खिडकीबाहेर डिसेंबरातला काळोख. ध्रुवाजवळच्या त्या गावात सूर्य नोव्हेंबरातच रजेवर गेला होता, तो जानेवारीशिवाय तोंड दाखवणार नव्हता. बंदरावरून वाळवलेल्या माशांचा वास येत होता. शेजारच्या खोलीत सर्व्हरचे पंखे घुमत होते.

तिचं काम सांगायला सोपं होतं. बेटांवर एकटे राहणारे म्हातारे रोज सकाळी टॅब्लेटवर दोन शब्द लिहून आरोग्यकेंद्राला पाठवत. त्याला तिथल्या भाषेत 'लिव्स्टेगन' म्हणतात, जिवंत असल्याची खूण. कुणी काही लिहिलं नाही, तर टॅब्लेट आपणहून रिकामं पाकीट, म्हणजे मजकूर नसलेला संदेश, पाठवी. असं पाकीट आलं की परिचारिकेने बोटीने तिथे जाऊन पाहायचं.

पण म्हातारे त्या दोन शब्दांबरोबर आपला जन्मक्रमांक, म्हणजे सरकारी ओळखक्रमांकही लिहून मोकळे होत. तो झाकण्यासाठी सुन्निवाने सर्व्हरच्या पोटातच बसणारं एक मॉड्यूल, छोटासा प्रोग्रॅम, लिहिलं होतं. दारात आलेलं प्रत्येक पाकीट ते उघडी, आतला मजकूर बदली, पुन्हा बंद करी आणि आत सरकवी. दुसऱ्याचं पत्र फोडू नये म्हणतात; पण तिचा तो पोटापाण्याचा धंदाच होता.

फोन वाजला. आरोग्यकेंद्रातली थोरली परिचारिका, गुन्वोर.

"सुन्निवा... तो दीपगृहाजवळचा पेडर गेला गं."

"अरेरे! कधी?"

"तेच तर विचारतेय. डॉक्टर म्हणतात, बरेच दिवस झाले असावेत. आणि आज सकाळीसुद्धा त्याची खूण आली होती! 'सगळं ठीक, काळजी नको.' या डोळ्यांनी वाचली मी."

सुन्निवाने दारात आलेली मूळ पाकिटं तपासली. पेडरचं पाकीट गेले कित्येक दिवस रिकामंच येत होतं. आत मात्र भरलेलं जात होतं.

चूक तिला लगेच कळली. मजकूर बदलायचा म्हणजे तो आधी मेमरीच्या एका खणात उतरवून घ्यायचा. पाकीट रिकामं असलं तर काय, याचा विचारच तिने केला नव्हता. खण पुसला नाही की जुना मजकूर तिथेच पडून राहतो, आणि मॉड्यूल तोच आजचा म्हणून पुढे ढकलतं. शिकाऊ पोरानेही करू नये अशी चूक. पेडर थंडगार होऊन पडला होता आणि तिचं मॉड्यूल त्याच्या वतीने 'ठीक' म्हणत होतं. तिला स्वतःची शिसारी आली.

"माझी चूक आहे, गुन्वोर," ती म्हणाली. "त्याचाच जुना मजकूर परत परत जात होता."

"त्याचा?" गुन्वोर म्हणाली. "अगं, पेडर जन्मात कधी 'ठीक' म्हणाला नाही. रोज हवामानाला शिव्या लिहायचा मेला."

सुन्निवाने ते शब्द शोधले. मॉड्यूल बसवल्यापासून आलेल्या एकूण एक पाकिटांत शोधले. 'सगळं ठीक, काळजी नको' असं कुणीच, कधीच लिहिलं नव्हतं.

मग तिला आई आठवली.

तिची आई आसलॉग स्कार्व्हया बेटावर एकटीच राहायची. तीन दिवस वादळ होतं, त्या बाजूची बोट बंद. आई फोन उचलत नव्हती, पण एरवीही ती उचलत नसे. विणकामाचे टाके चुकतात म्हणे. खूण येतेय ना, मग कशाला जीव टांगणीला लावायचा, असं म्हणून सुन्निवा निर्धास्त होती. आई रोज एकच लिहायची: 'गुडघा दुखतो, पण आहे.'

तिने आईची पाकिटं उघडली. वादळ सुरू झाल्यापासून सगळी रिकामी. आणि आत गेलेला मजकूर... 'सगळं ठीक, काळजी नको.'

तिने ते मॉड्यूल तिथल्या तिथे उपटून काढलं आणि बोटवाल्या एलिफला फोन लावला.

"एलिफ, आईकडे जा. आत्ता."

"या लाटांत? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"एलिफ, पाया पडते तुझ्या..."

तो खाकरून म्हणाला, "निघतो. पण आसलॉगच्या हातच्या लेफ्से पोळ्या पोटभर खाल्ल्याशिवाय परतणार नाही, सांगून ठेवतो."

सुन्निवा बसून राहिली. कपातली कॉफी गार झाली. पंख्यांची घरघर मध्येच मंद होई, कुणी कान देऊन ऐकत असल्यासारखी, आणि पुन्हा सुरू होई. आई गेली असेल तर आपणच तिला मारलं, एवढंच तिच्या मनात होतं.

फोन वाजला. एलिफचा नंबर.

"सुन्निवा?"

आवाज आईचा होता. सुन्निवाला हुंदकाच फुटला. "आई! अगं किती घाबरले मी... बरी आहेस ना?"

"सगळं ठीक. काळजी नको."

सुन्निवाने मुद्दाम विचारलं, "आई... गुडघा कसा आहे?"

पलीकडे पंख्यांसारखी बारीक घरघर. मग तोच आवाज, त्याच चालीत.

"सगळं ठीक. काळजी नको."

फोन तुटला. पुन्हा वाजला. पुन्हा एलिफच. मागे वारा, लाटा, त्याचा धापा टाकणारा श्वास.

"केव्हापासून लावतोय, लागतच नव्हता! आत्ता पोचलोय मी दाराशी. आतून कडी आहे. आसलॉग आत रडतेय, ऐकू येतंय मला. जिवंत आहे ती. पण सुन्निवा... तू इथे कशी आलीस?"

"मी... मी कामावर आहे, एलिफ."

एलिफचा आवाज एकदम खाली आला.

"मग आत तिच्याशी कोण बोलतंय? तुझाच आवाज आहे. सारखा तेच सांगतोय तिला... 'बाहेर कुणी नाही, आई. दार उघडू नकोस.'"