चैतालीच्या फोल्डरमधली चिठ्ठी

आधीच सांगते, ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. मला कुणाला पटवायची हौस नाही. हे जिच्यावर बेतलं ती माझी सख्खी मावशी आहे, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही. सोळा वर्षं सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलीयत तिने.

ठिकाण नाशिक रोड, जेल रोडची आमची कॉलनी. तारीख ८ फेब्रुवारी २०२५, शनिवार.

आणि रात्र वगैरे काही नाही बरं का. सकाळचे अकरा. गॅलरीत लख्ख ऊन. खाली भाजीवाला ओरडत होता.

प्रतिभामावशीच्या घरात आता माणसं दोनच. ती आणि तिचा मुलगा सुयश. काका गेले तेव्हा अनुकंपा तत्त्वावर मावशीला नोकरी मिळाली. थोरली चैताली नर्सिंगला होती. २०२३च्या पावसाळ्यात डेंग्यू झाला आणि पाच दिवसांत गेली. एकवीस वर्षांची पोर. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, माझ्याच्याने होत नाही.

चैतालीला एक सवय होती. दर रविवारी घरातले सगळे फोन लॅपटॉपला जोडायचे आणि बॅकअप घ्यायचा. प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर. ती गेल्यावर तिचा फोन बॅटरी फुगून कायमचा बंद पडला. मागे राहिलं ते लॅपटॉपमधलं फोल्डर. चैताली. चौसष्ट जीबी.

त्यात तिचे व्हॉइस मेसेज होते. ती कुठेही गेली की पोचल्यावर मावशीला एक मेसेज टाकायची.

"मम्मी, पोचले गं."

बस, एवढाच. असे दोनशे बारा.

मावशी रोज सकाळी भाकरी थापताना त्यातला एक ऐकायची. मग डबा भरून कामाला जायची. पोरीचं एवढंच उरलंय म्हणायची, आणि ते खरंच होतं.

आता झालं काय, लॅपटॉपची डिस्क भरली. लाल पट्टी यायला लागली. इकडे सुयशला इगतपुरीला रेल्वेत ट्रॅकमनची नोकरी लागलेली. त्याचा जुना फोन मरायला टेकला होता, नवा घ्यायचा होता. त्याआधी बॅकअप हवा. आणि जागाच नाही!

"मम्मी, ताईचं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाक," सुयश फोनवर म्हणाला. "द्वारका सर्कलच्या दुकानातून आणलेली ती काळी डबी. कपाटात असेल बघ."

"पुसलं गेलं तर रे?"

"अगं पुसायचं कशाला? इथून उचलायचं, तिथे ठेवायचं. रोज फायली हलवतेस ना तू?"

खरं होतं. मावशीचं कामच ते. आणि तिथेच ती चुकली.

रेकॉर्ड रूमचा नियम असतो... एक फाईल दोन ठिकाणी नको. म्हणून मावशीने कॉपी नाही केलं, सरळ कट केलं. दुसरा नियम, रॅकमधून फाईल काढली की तिच्या जागी चिठ्ठी ठेवायची. कोणती फाईल, कोणी हलवली, कुठे हलवली, परत केव्हा. मावशीने लॅपटॉपमध्येही तशीच चिठ्ठी टाइप करून त्या जागी ठेवली. हात वळलेला, दुसरं काय!

फाईल: चैताली.
कोणी हलवली: प्रतिभा.
कुठे हलवली: काळी हार्ड डिस्क, कपाट, वरचा खण.
परत केव्हा:

परत केव्हाच्या पुढे तिने काहीच लिहिलं नाही. लिहिणार काय?

फोल्डर हलायला पाऊण तास लागला. मावशी पोळ्या लाटत मधूनमधून बघत होती. ऐंशी टक्के... नव्वद... नव्व्याण्णव...

तेवढ्यात कपाटातून आवाज आला.

घर्र... घर्र...

लाकडावर ठेवलेला फोन थरथरतो ना, तसा. चैतालीचा बंद पडलेला फोन मावशी त्याच कपाटात ठेवायची. पण तो सहा महिन्यांपूर्वीच भंगारात गेला होता.

मावशीने कपाट उघडलं. आत साड्या. बाकी काही नाही.

ती परत आली तर काम पुरं झालेलं. लॅपटॉपवर जागाच जागा.

आणि मग तिच्या लक्षात आलं...

तिला चैतालीचा आवाज आठवेना.

चेहरा आठवत होता. केस विंचरतानाची मान आठवत होती. पण "मम्मी" कसं म्हणायची ते आठवेना. मावशीने स्वतः म्हणून पाहिलं. दोनदा, तीनदा. नाही.

तिने काळ्या डिस्कवरचा पहिला मेसेज लावला. सहा सेकंदांचा. त्यात फक्त पंख्याचा आवाज. दुसरा लावला. पंखा. विसावा, शंभरावा...

दोनशे बारा मेसेजमध्ये नुसता पंखा फिरत होता.

"डिस्क खराब निघाली असेल," सुयश रविवारी येऊन म्हणाला. मावशीचे डोळे सुजलेले बघून त्याचाही जीव तुटला. "मी दुरुस्तीवाल्याला दाखवतो. तू आधी जेव बरं."

त्याने स्वतःचा बॅकअप घेतला. चैतालीच्या मोकळ्या झालेल्या जागेत सुयशचं फोल्डर बसलं. सोमवारी नवा फोन घेऊन तो इगतपुरीला गेला.

बुधवारी मावशीने सहज लॅपटॉप उघडला. तिची चिठ्ठी होती तिथेच होती.

फक्त शेवटची ओळ आता रिकामी नव्हती.

परत केव्हा: शनिवारी.

तिने लगेच सुयशला फोन लावला. "तू लिहिलंस का रे हे?"

"नाही गं मम्मी. मी कशाला हात लावू?"

तुम्ही म्हणाल, बाई घाबरली असेल. नाही. माझ्याशी बोलताना ती खोटं बोलली नाही. म्हणाली, "अंजली, मला आनंद झाला गं. मी शनिवारची वाट बघायला लागले."

१५ फेब्रुवारी. शनिवार. मावशीला सुट्टी. तिने पहाटेच घर पुसून काढलं. बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावली. चैतालीला आवडायची म्हणून मुगाची खिचडी केली. आणि लॅपटॉप उघडून समोर बसली.

दहा वाजले. अकरा. काहीच नाही.

बाराला लाइट गेली. शनिवारी दुरुस्तीसाठी जातेच आमच्याकडे. पंखा थांबला. खालची पोरं, भाजीवाले, सगळं एकदम गप्प. लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू होता.

एक वाजून दहा मिनिटं...

स्क्रीनवर चैतालीचं फोल्डर आलं. जुन्या जागी. चौसष्ट जीबी.

मावशीने पहिला मेसेज दाबला.

"मम्मी, पोचले गं."

तोच आवाज! तीच पोर! मावशी हुंदके देत हसायला लागली. लॅपटॉपला दोन्ही हातांनी धरून बसली. काळी डिस्क जोडून पाहिली तर ती पार रिकामी झालेली. एक फाईल एकाच ठिकाणी.

मग तिची नजर खाली गेली.

डिस्क भरली नव्हती. लाल पट्टी नव्हती.

दोन फोल्डर मावणार कसे तिथे? नव्हतेच मावले. सुयशचं फोल्डर गायब होतं. आणि त्याच्या जागी... एक चिठ्ठी.

मावशीने ती उघडली. छोटीशी खिडकी, तिच्यात दोनच ओळी दिसत होत्या.

फाईल: सुयश.
कोणी हलवली: चैताली.



तिने सुयशला फोन लावला. रिंग वाजतेय, उचलत नाही. परत. परत. त्याच्याबरोबर रुळांवर काम करणाऱ्या गँगमधल्या भारतला लावला. स्विच ऑफ. परत सुयशला. तेवीस वेळा.

"चैताली!" ती रिकाम्या घरात ओरडली. "बाळा, तो धाकटा आहे गं तुझा! त्याला नको नेऊ!"



दोघं एका जागेत मावत नाहीत, हे तिने आठवड्यापूर्वी स्वतःच्या हाताने करून दाखवलं होतं. आता एकाला बाहेर काढलं तरच दुसरा येणार. तिच्या डोक्यात एवढंच होतं. कुणीही आई असती तर डोक्यात हेच आलं असतं.

तिने चैतालीचं फोल्डर निवडलं. कायमचं पुसायची बटणं सुयशनेच शिकवली होती. 'कायमचं काढून टाकायचं का?' लॅपटॉपने विचारलं.

मावशी म्हणाली, "माफ कर गं मला."

आणि हो दाबलं.

दोन मिनिटांत फोन वाजला.

"मम्मी..." सुयश होता. धापा टाकत होता. "मम्मी, मी ठीक आहे. हाताला लागलंय थोडं. फोन खडीत उडाला होता, आत्ता सापडला. रडू नको."

झालं असं होतं. जेवणाच्या सुट्टीत सुयश एकटाच रुळावरून पाणी आणायला निघाला. नव्या फोनची हौस, कानात इअरफोन, गाणी चालू. मागून गाडी आली. त्याला पत्ताच नाही.

"आणि मम्मी... मधेच गाणं बंद पडलं. कानात ताई बोलली. शपथ घेऊन सांगतो, ताईच! 'सुयश, मागे बघू नको, खाली उडी मार.' मी मारली. गाडी अशी बाजूने गेली... वाराच लागला मला."

"किती वाजता?" मावशीने विचारलं.

"एक वाजून दहा. भारतने लांबून सगळं बघितलं, घड्याळही पाहिलं होतं."

मावशीने लॅपटॉपकडे पाहिलं.

चिठ्ठी अजून उघडी होती. सोळा वर्षं ही बाई शिपायांना ओरडत आलीय, चिठ्ठी पूर्ण वाचा, मगच रॅकला हात लावा. तिने बोटाने खिडकीतला मजकूर वर सरकवला.

कुठे हलवली: रुळाच्या बाजूला, खडीवर.
परत केव्हा: आज संध्याकाळी, घरी.

सुयश खरंच संध्याकाळी घरी आला. हाताला पट्टी बांधून. मावशीने त्याला कवटाळलं आणि गुरासारखी रडली. तो समजला, मी वाचलो म्हणून रडतेय.

लॅपटॉप मी स्वतः महात्मा गांधी रोडच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. पुसलेलं परत आणतात ना ते. त्याने दोन दिवस खपून सहा वर्षांपूर्वीचे पुसलेले फोटोसुद्धा काढून दिले. चैतालीचं एकही अक्षर नाही. "ताई, या नावाचं फोल्डर यात कधी नव्हतंच," तो म्हणाला. मी पैसे दिले आणि निघाले.

आता त्या लॅपटॉपमध्ये चौसष्ट जीबी मोकळी आहे. मावशी कुणालाही तिथे काही ठेवू देत नाही, सुयशचा बॅकअपसुद्धा नाही. त्या जागी तिने एक नवी चिठ्ठी टाकलीय.

फाईल: चैताली.
कोणी हलवली: प्रतिभा.

कुठे हलवली, ते रिकामं. परत केव्हा, तेही रिकामं.

दर शनिवारी लाइट गेली की मावशी बॅटरीवर लॅपटॉप उघडून बसते. चिठ्ठी अगदी खालपर्यंत वाचते. परवा मी पण शेजारी बसले होते. एक वाजून दहा मिनिटांनी कपाटात आवाज झाला...

घर्र... घर्र...

मावशी धावत गेली. आत फक्त साड्या होत्या.