चार दहाची लाट

टक्.

वाटाण्याची शेंग फुटली आणि दालनातली शांतता मोडली. 'पैलतीर' या व्यसनमुक्ती केंद्रात दुपारचा हा तास न बोलता काम करण्याचा. नऊ बायका सतरंजीवर गोल बसून उसळीसाठी वाटाणे सोलत होत्या. प्रत्येकीच्या डाव्या कानामागे मसुराएवढी टिकली चिकटवलेली होती, आणि समोरच्या भिंतीवर नऊ दिवे होते. आठ पांढरे. नववा, हेमांगीचा, हळूहळू केशरी होत चालला होता.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आली हिची पाहुणी," सुलभा म्हणाली. "एसटी चुकेल, पण ही नाही चुकायची."

दिवा केशरी झाला की न बोलण्याचा नियम आपोआप मोडायचा. बायका सरकत सरकत हेमांगीला गुडघे लावून बसल्या आणि काहीबाही बोलू लागल्या. अकरा मिनिटं बोलत राहायचं, लाट ओसरेपर्यंत. टिकलीला मेंदूतली ओढ मोजता यायची. दारू असो, गोळ्या असोत, तलफ आलीय हे त्या बाईला कळायच्या आधी भिंतीवर दिसायचं. पूर्वी घसरलेल्या माणसाला उचलावं लागे. आता पाय घसरण्याआधीच हात धरता येत होता. सलग एकवीस दिवस दिवा पांढरा राहिला, की घरी.

हेमांगीचा हा पाचवा महिना होता. तिच्या मागून आलेल्या सहाजणी घरी गेल्या होत्या. तिचा दिवा दिवसभर पांढरा असायचा, पण चार दहाला केशरी झाल्याशिवाय एकही दिवस गेला नव्हता.

लाट ओसरल्यावर डॉ. पाठारे आत आले. हातात संमतीपत्र होतं.

"हेमांगीताई, गुरुवारी शस्त्रक्रिया आहे. तुमची सही राहिलीय."

मेंदूत केसाएवढी बारीक तार बसवायची होती. शामक तार. ओढीची लाट उठली की ती जागच्या जागी शमवणारी.

"त्या लाटेबरोबर आणखी काय शमेल?" हेमांगीने विचारलं. ती स्वतः नर्स होती. नेमकं कुठे विचारायचं ते तिला ठाऊक होतं.

"शंभर टक्के नाही सांगता येत," डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले. "पण पाच महिने झाले, ताई. दुसरा मार्ग दिसत नाही मला."

हेमांगीने पेन घेतलं. तेवढ्यात समोरून एक शेंग येऊन नेमकी त्या कागदावर पडली.

"थांब की जरा!" रत्नव्वा म्हणाली.

रत्नव्वा जतकडची. पस्तीस वर्षं तिने हातभट्टी लावली होती आणि त्यातली निम्मी स्वतःच प्यायली होती. 'पैलतीर'मध्ये तिला सगळ्या अव्वा म्हणत.

"डाक्टर, तुमची टिकली लई शिकल्याली असंल. पर म्या तलफ पस्तीस वरसं पोसलीया. तलफ आली की बाई दाराकडं बघती. म्या बघितलं, ह्या सुलभीनं बघितलं. ही कवाच दाराकडं बघत न्हाई. घड्याळाकडं बघती. आन् उजवा हात असा खाली सोडती, कुणी बोट धरावं म्हणून."

हेमांगीने खाली पाहिलं. तिचा उजवा हात सतरंजीवर उताणा पडला होता. तर्जनी मोकळी.

"काय असतंय गं चार धाला?"

"शाळा सुटते," हेमांगी म्हणाली. "कावेरीची."

"मग! ह्येला तलफ न्हाई म्हणत. पान्हा म्हणत्यात."

"पान्हा दुधाचा असतो, अव्वा," डॉक्टर हसले. "ह्यांची मुलगी सात वर्षांची आहे."

"दुधाचाच असतो, आसं तुमास्नी कुणी सांगितलं?"

डॉक्टरांचं हसू मावळलं. हेमांगी मात्र मान हलवत होती.

"तसं नाहीये, अव्वा. त्या दिवशीही चार दहाच वाजले होते. मी हॉस्पिटलच्या स्टोअररूममध्ये होते, हातात इंजेक्शन. पाच मिनिटांत निघते म्हटलं, आणि तिथेच झोपले. कावू साडेसहापर्यंत शाळेच्या पायरीवर बसली होती. वॉचमनने तिला बिस्किटं दिली." तिने दिव्याकडे पाहिलं. "ती वेळच त्या औषधाची आहे. टिकलीला बरोबर कळतं."

डॉक्टर तिथेच सतरंजीवर बसले. त्यांनी एक शेंग उचलून सोलली.

"मेंदूत ओढीची वाट एकच असते," ते म्हणाले. "त्याच वाटेनं औषध येतं, त्याच वाटेनं लेकरू. टिकली नुसती वर्दळ मोजते. कोण आलं, ते तिला दिसत नाही. फरक कळला तर नंतरच कळेल. व्यसनाला हवं ते दिलं, की लाट उतरते आणि पाऊण तासात पहिल्याहून उंच चढते. आणखी मागते."

"आणि लेकराची?" सुलभाने विचारलं.

"माहीत नाही. आजवर इथे कुणी मोजलेलीच नाही. आईला तलफेत मुलांनी पाहू नये, म्हणून आपण मुलांना आत येऊच देत नाही."

"उद्या येऊ द्या," हेमांगी म्हणाली. "उतरून पुन्हा चढली, तर मी गुपचूप सही करीन."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, कावेरीला तिचे बाबा शाळा लवकर सोडवून घेऊन आले. चारला पाच कमी असताना ती दारात उभी राहिली. गणवेश, गळ्यात पाण्याची बाटली, पुढचे दोन दात नवे. भिंतीवरचा हेमांगीचा पांढरा दिवा केशरी झाला, आणि बघता बघता लालभडक. इतका लाल तो पाच महिन्यांत कधी झाला नव्हता. बायकांचे हात थांबले.

कावेरी धावत आली नाही. हातभर अंतर ठेवून ती आईशेजारी बसली.

"वाटाणे सोलताय? मला येतात."

तिने एक शेंग सोलली. मग दुसरी. तिसरी सोलता सोलता ती थोडी सरकली, आणि हेमांगीच्या मोकळ्या बोटाभोवती एक छोटी मूठ आवळली गेली.

दिवा केशरी झाला. मग पांढरा.

"आता थांबायचं," डॉक्टर हलकेच म्हणाले. "पाऊण तास."

हेमांगीने दिव्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. तरी डोळे तिकडेच जात होते. चार दहा झाले. पांढरा. साडेचार. पांढरा. कावेरी भांड्यात कमी आणि तोंडात जास्त वाटाणे टाकत होती.

"आगं, येकादा तरी भांड्यात पडू दे की!" रत्नव्वा ओरडली. "राती उसळ का टरफलांची खायची?"

कावेरी खुदकन हसली. डॉक्टरांच्या हातातल्या डिजिटल पाटीवर टिकलीने मोजलेल्या लाटेची रेषा आडवी पडली होती, संथ पाण्यासारखी. ती काहीच मागत नव्हती.

पाच वाजले. डॉक्टरांनी मान वर केली. "नाही चढली," ते म्हणाले. "ताई, नाही चढली!"

सुलभाने पहिलं भांडं वाजवलं. मग वाट्या, ताटल्या, पळ्या, हाताला लागेल ते वाजू लागलं. वाटाणे सतरंजीभर उधळले. रत्नव्वाने पदर खोचून चक्क गिरकी घेतली. हेमांगी हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि भिंतीवर नऊच्या नऊ दिवे पांढरे होते.

डॉक्टरांनी संमतीपत्रावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'एकवीस दिवसांतला आजचा पहिला दिवस धरावा. उद्यापासून मुलांना आत येऊ द्यावं.'

मग हळू आवाजात, फक्त हेमांगीला ऐकू जाईल असं म्हणाले, "उद्या तार बसली असती, तर दिवा कायमचा पांढरा झाला असता. आम्ही पेढे वाटले असते."

हेमांगीने लेकीची मूठ घट्ट धरली. कावेरी दिव्यांकडे बघत होती. वाटाणे खाता खाता तिने बायकांचं दिव्याबद्दलचं आणि औषधाबद्दलचं सगळं बोलणं ऐकलं होतं.

"डॉक्टरकाका, आधी त्या दिव्याला मी आणि ते औषध सारखंच दिसायचं?"

"हो गं. चूक होती ती दिव्याची."

कावेरीने उरलेली शेंग दाबली. टक्.

"आणि आई, मी पायरीवर बसले होते ना, त्या दिवशी... तुलाही सारखंच दिसलं?"