सरळ पडलेली सावली

उत्तर थायलंडातल्या लांपांगच्या भर उन्हात इनथाने टांगा पळवत आणला आणि घोडीला पाणीही न दाखवता तो चानफोंगबाईंच्या ओट्यावर चढला.

"बाई, माझा भाऊ उद्या मरणार."

बाई भाताच्या चकत्या सुपात वाळत घालत होत्या. पोलीस ठाण्यात तीस वर्षं लोकांच्या जबान्या टंकून झाल्यावर त्यांनी स्वतःचा तपासाचा धंदा काढला होता. इनथा त्यांचा टांगेवाला, निरोप्या आणि बोलणी खायला हक्काचा माणूस. आजवर तो दुसऱ्यांची गाऱ्हाणी घेऊन यायचा. आज आग त्याच्याच घराला लागली होती.

"कशाने मरणार?"

"भीतीने. सहा दिवस पोटात पाण्याखेरीज काही नाही. डॉक्टर म्हणतात, आजार काहीच नाही."

त्याचा थोरला भाऊ नान मून टेकडीवरच्या देवळातल्या छायेच्या खोलीचा राखणदार होता. त्या खोलीचं दार लावलं की खिडकीच्या फळीतल्या एवढ्याशा भोकातून उजेड येतो आणि समोरच्या भिंतीवर ताणलेल्या पांढऱ्या कापडावर बाहेरचा सोनेरी स्तूप उलटा उमटतो, रंगांसकट. ते बघायला लांबलांबून माणसं येतात. बायकांनी मात्र पायरीवरच थांबायचं, असा तिथला नियम. आणि गावातली म्हातारी माणसं सांगतात, त्या छायेत ज्याला स्वतःची सावली सरळ उभी दिसली त्याचा सातवा दिवस उजाडत नाही.

"त्या दिवशी सकाळी दादा एकटाच आत होता," इनथा सांगू लागला. "स्तूप नेहमीसारखा उलटा. आणि शेजारी एक माणूस, डोकं वर, पाय खाली! निळा सदरा, दादासारखीच गवती टोपी, खांद्याला झोळी. तोंडच नाही. नुसता हवेत डोलत होता."

"झोळी कुठल्या खांद्याला?"

"उजव्या. तेच तर वाईट, बाई! दादाचा उजवा खांदा घोड्याच्या लाथेने गेलाय, झोळी तो कायम डाव्याला अडकवतो. आपल्यात मेलेल्याला सदरा पुढचा मागे करून घालतात ना? मेलेल्याचं सगळं उलटं. ते दादाचं प्रेतच होतं!"

बाईंनी सूप बाजूला सारलं. "टांगा वळव."

नान मून घरात चटईवर डोळे उघडे ठेवून पडला होता. उशाशी धुतलेला सदरा घडी करून ठेवलेला. इनथाने त्याचा हात हातात घेतला तर तो बर्फासारखा गार होता.

"सदरा काढून ठेवलाय," म्हातारा म्हणाला. "पुढचा मागे करून घाला. विसरू नका."

इनथाला तिथून पळून जावंसं वाटलं. लहानपणी स्मशानाजवळून जाताना दादाच त्याचा हात धरायचा, आणि तोच दादा आता मरणाची तयारी करून पडला होता.

कोपऱ्यात विकायच्या उशांची चळत होती. म्हाताऱ्याची एकुलती एक लेक साइफिन उशा शिवायची. तिने एक नवी उशी आणून बापाच्या मानेखाली सारली. तिचे डोळे सुजले होते.

"त्यांनी ते काम सोडावं असं तुला वाटायचं?" बाईंनी विचारलं.

"दर पावसाळ्यात सांगते. त्या निसरड्या पायऱ्यांवरून दोनदा पडलेत. पण देवळापुढे लेकीचं कोण ऐकतंय!"

"खोलीत काय दिसतं, माहीत आहे?"

"मला कोण आत सोडतंय? उलटं दिसतं म्हणे. पाय वर, डोकं खाली. आणखी काय असणार?"

देवळात दुय्यम राखणदार नान सेंग भेटला. गेली अकरा वर्षं छायेचं कापड तोच धुऊन ताणायचा.

"थोरले गेले की गादी तुमची," बाई म्हणाल्या.

"गादी कसली, एक फाटकी चटई! ओरडणं ऐकून धावलो तर ते खाली पडलेले. तोंडावर पाणी मारलं, शुद्धीवर आणलं, मग बाहेर येऊन पाहिलं. चिटपाखरू नव्हतं. तेव्हापासून माझा पाय त्या दारात पडत नाही."

प्रवाशांना देऊळ दाखवणारा विचित मात्र आधीच हात झटकत आला. "माझ्यावर आळ नको हं, मावशी! म्हातारबाबा मला आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून भांडण होतं, खरंय. पण लोक चोरून काढतात त्या फोटोत तरी काय ठेवलंय? फोन उलटा धरला तरी देवळाच्या पाटीची अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात. लोक मलाच विचारतात, पाटी लिहिणारा प्यायला होता का!"

खिडकीसमोर बोधिवृक्ष होता. भोकासमोरच्या फांदीवर एका जागी साल ताजी घासलेली होती. खाली पांढरं काहीतरी चिकटलं होतं, ते बाईंनी चिमटीत उचललं.

"सावरीचा कापूस," इनथा म्हणाला. "उडत आला असेल."

"उडत येणारा कापूस असा पिंजलेला नसतो." त्यांनी तो रुमालात बांधला. "आता तुझ्या टांग्याच्या पाठीवरचा, कोंबड्याचं चित्र असलेला पत्रा काढ, आणि तू आत जा."

"मी? आणि मीच दिसलो तर?"

"तर बाहेर येऊन सांग. मला तर आत सोडत नाहीत."

दार लागलं तसा अंधार झाला. कापडावर स्तूप हळूहळू उमटला, कळस खाली. मग त्याच्या बाजूने काहीतरी सरकत आलं. लाल तुरा. काळी शेपूट. पाय खाली, तुरा वर.

तो किंचाळतच दाराबाहेर पडला. "कोंबडा! सरळ उभा!"

"पत्रा मी उलटा धरला होता, शहाण्या. तोंड कुठे होतं?"

"उजवीकडे."

"आणि पत्र्यावर?"

लांपांगच्या वाडग्यांवरचा कोंबडा डावीकडे बघतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. इनथाने पत्रा सरळ करून पाहिला आणि तो अंगापासून लांब धरला.

"म्हणजे कोंबडाही मेला?"

"चल, सगळ्यांना घेऊन घरी चल," बाई म्हणाल्या. "तुझ्या भावाला उद्यापर्यंत असं भीतीत ठेवायचं नाही."

चटईभोवती सगळे बसले. बाई म्हाताऱ्याच्या उशाशी टेकल्या.

"नान मून, तुम्ही भूत पाहिलं नाही. फांदीला उलटी टांगलेली बाहुली पाहिलीत. छायेत उलटं ते सुलट होतं, म्हणून ती सरळ दिसली. तुम्ही शुद्धीवर येईपर्यंत ती कुणीतरी काढून नेली."

"झोळी?" म्हाताऱ्याचे ओठ हलले. "झोळी उजव्या..."

"बाहुलीच्या डाव्याच खांद्याला होती, तुमच्यासारखी. पण ती छाया डावं उजवंही करते, जसा इनथाचा कोंबडा तोंड फिरवून उभा राहिला. नान सेंगनी अकरा वर्षं ते कापड ताणलंय. विचितला तर पाटीच्या अक्षरांनी वैताग आणलाय. यांच्यातल्या कुणी बाहुली केली असती तर झोळी मुद्दाम उजव्याला अडकवली असती, म्हणजे छायेत डाव्याला दिसली असती. ही चूक कोण करील? जिने त्या खोलीबद्दल फक्त ऐकलंय, ती पाहिलेली नाही."

बाईंनी रुमाल सोडला आणि कापूस उशांच्या चळतीपाशी ठेवला.

साइफिनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इनथाला वाटलं, आता दादाचा जीव नक्की जाणार.

"मला वाटलं, घाबरून काम सोडतील," ती हुंदके देत म्हणाली. "घरी बसतील. मरायलाच बसतील असं कुठे वाटलं होतं! मी रोज खरं सांगायला यायचे, आणि रोज भीती वाटायची, बाबा माझं तोंड बघणार नाहीत. त्यापेक्षा... देवा, मी काय केलं!"

म्हातारा कोपरावर जोर देऊन अर्धवट उठला. त्याचा श्वास धापापत होता, पण डोळ्यांत सहा दिवसांनी राग आला होता.

"आत सोडत नाहीत म्हणून जन्मभर भांडलीस ना? सोडलं असतं तर झोळी बरोबर अडकवली असतीस. मग कुणाला पत्ता लागला नसता, आणि उद्या मी खरंच गेलो असतो! त्या नियमाने वाचवलं मला."

चानफोंगबाई पदर सावरावा तसा खांद्यावरचा पंचा सावरत उठल्या.

"आत सोडलं असतं, नान मून, तर तो स्तूप कापडावर उमटताना तिनेही पाहिला असता. तुम्ही पडत-झडत तिथे का जाता, ते तिला कळलं असतं. मग तिने बाहुली टांगलीच नसती."

म्हाताऱ्याने उशाचा सदरा उचलला. इनथा त्याचा हात धरायला पुढे झाला. पण दादाने तो नीट उलगडला, पुढचा पुढेच ठेवून अंगात घातला, आणि गुंड्या लावता लावता लेकीकडे न बघता म्हणाला,

"भात लाव. आणि मिरचीची चटणी कर. चांगली तिखट."