धरलेली जागा

कौशल्याबाईंचं कानाचं यंत्र दिवाळीपासून शिट्टी मारत होतं. त्यांना स्वतःला ती ऐकू येत नव्हती. घरातल्या बाकीच्यांना येत होती. "मला काही त्रास नाही," असं त्या म्हणत, आणि ते अगदी खरं होतं. शेवटी एका बुधवारी त्यांच्या सुनेने, रुपालीने, ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि सासूला रिक्षात घालून कस्तुरी मॉलमध्ये आणलं. यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांचं केंद्र तिथे दुसऱ्या मजल्यावर होतं.

मॉलमध्ये कानाचं केंद्र असावं याचं कौशल्याबाईंना नवल वाटलं. रुपालीला वाटलं नाही. मॉल मरायला टेकला की आधी कपड्यांची दुकानं जातात, मग सिनेमा जातो, मग गाळे ओस पडतात आणि भाडी उतरतात. त्यानंतर दात, कान, गुडघे असे एकेक अवयव राहायला येतात. कस्तुरी मॉल या शेवटच्या पायरीला पोचला होता. सरकते जिने सरकायचे थांबले होते आणि आता साध्या जिन्यांपेक्षाही गैरसोयीचे झाले होते. कारंज्याच्या हौदात प्लास्टिकच्या कुंड्या मांडल्या होत्या. छताच्या काचेतून येणारा दुपारचा उजेड खाली उतरता उतरता दमायचा आणि तळमजल्यापर्यंत पोचायचाच नाही.

"इथे येत होतीस तू?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"हो आई. अकरावी-बारावीत. दर आठवड्याला."

"काय करायला?"

"काही नाही. बसायला."

"सदाशिव पेठेत बसायला मनाई होती वाटतं."

मनाई नव्हती, पण सदाशिव पेठेत ओळखीचं कुणी ना कुणी दिसायचंच. म्हणून क्लासला दांडी मारून, दोन बस बदलून, शहराच्या या टोकाला यायचं. रुपाली, नाना पेठेतली अरिबा आणि अरिबाचा चुलतभाऊ फैझल. खरेदी नावाचा प्रकार त्यांच्या हातून क्वचितच घडला. अत्तराच्या दुकानात दोन्ही मनगटांवर फुकटचे वास फवारून घ्यायचे, न परवडणारे गॉगल डोळ्यांवर चढवून आरशात एकमेकांना नमस्कार करायचा, आणि मग वरच्या मजल्यावरच्या फूड कोर्टात एका कोल्ड कॉफीत तीन नळ्या घालून बस सुटेपर्यंत बसायचं. बाहेर कितीही ऊन असो, आत गारवा असायचा. मोठं झाल्यावर आपण असेच गार राहू, असं तेव्हा उगीचच वाटायचं.

केंद्रातल्या मुलीने यंत्र ठेवून घेतलं आणि तासाभराने यायला सांगितलं. यंत्र नसलं की कौशल्याबाईंना कानाशी ओरडलेलं तेवढं कळायचं, तेही निम्मं. उरलेलं निम्मं त्या समोरच्याच्या तोंडाकडे बघून जुळवायच्या.

"चहा?" रुपाली ओरडली.

"मी बहिरी आहे, रस्त्यापलीकडे नाही," त्या म्हणाल्या. म्हणजे हो.

फूड कोर्टात एकच गाळा उघडा होता. बाकीचे शटर टाकून बसले होते. जुन्या तेलाचा खवट वास मात्र अजून तसाच होता आणि त्याखाली ओल्या पोत्यासारखा आणखी एक वास. साफसफाईला सोपं जावं म्हणून सगळ्या टेबलांवर खुर्च्या उलट्या घातल्या होत्या. पाय वर केलेल्या खुर्च्यांचं ते रान ओलांडून रुपालीची नजर कठड्याजवळच्या कोपऱ्यात गेली. तिथल्या एकाच टेबलाला चारही खुर्च्या सरळ लावलेल्या होत्या.

ते त्यांचंच टेबल. रुपालीला एकदम हसू आलं. तिने कौशल्याबाईंना तिथे नेऊन बसवलं आणि इतक्या वर्षांची सवय तोंडातून आपोआप बाहेर पडली.

"आई, जागा धरून बसा हं. मी आलेच."

कौशल्याबाईंनी तिच्या ओठांवरून ते वाचलं. मग सबंध रिकाम्या मजल्यावरून सावकाश नजर फिरवली.

"कुणापासून?" त्या म्हणाल्या.

गाळ्यावरचा माणूस कानात बोंडं घालून मोबाइलवर क्रिकेट बघत होता. त्याने मान न उचलता पातेलं गॅसवर ठेवलं. दूध तापेपर्यंत रुपाली उभी राहिली आणि तिला ती मुलगी आठवली.

जागा धरणं ही आपल्याकडची जुनी विद्या आहे. खुर्चीवर नुसता रुमाल टाकला तरी ती खुर्ची घेतलेली समजायची, हे पुण्यात वेगळं शिकवावं लागत नाही. आडवारी ते कोपऱ्यातलं टेबल या तिघांना मिळायचं. रविवारी मात्र या फूड कोर्टात उभं राहायला जागा नसे, तरी एक मुलगी त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटी बसलेली असायची. एका खुर्चीवर ओढणी, एकीवर पिशवी, एकीवर छत्री. यांच्याच वयाची, फार तर थोडी मोठी. कुणी खुर्ची मागितली की ती म्हणायची, "आमची माणसं येतायत." बोलणं अगदी हळू. पण त्या कल्लोळातही एकेक शब्द स्वच्छ ऐकू यायचा.

तिची माणसं आलेली कुणी पाहिली नव्हती. फैझल म्हणायचा, "बहुतेक कात्रजहून चालत निघालीत. वाटेत कुठेतरी लग्नकार्य उरकत असतील." अरिबाला मात्र तिची दया यायची. एकदा ती जाऊन म्हणाली होती, "आमच्यात ये ना. एकटी काय बसतेस?" त्यावर ती मुलगी म्हणाली, "उठले तर जागा जाईल. तू बसतेस का थोडा वेळ? मी आलेच." अरिबा बसणारच होती. पण सिनेमाची वेळ झाली होती आणि फैझलने तिची बॅग ओढली. पुढे बारावीची परीक्षा आली आणि येणंच बंद झालं. मग कोण त्या मुलीची आठवण ठेवतंय?

चहा घेऊन रुपाली वळली.

कौशल्याबाई टेबलाशी ताठ बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी पर्स ठेवली होती. समोरच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर शाल घडी करून ठेवली होती, दुसरीवर चष्म्याचं घर.

"हे काय आई?" रुपाली हसली. "सगळ्याच खुर्च्या धरल्यात?"

"माणसं यायचीत."

"कुणाची?"

"त्या मुलीची. आत्ता इथे बसली होती ना. जरा जाऊन येते, तोवर बसाल का म्हणाली. बरी मुलगी आहे. हळू बोलते, पण एकेक शब्द कळतो."

रुपालीने चहा टेबलावर ठेवला. तिने मजला पाहिला. उलट्या खुर्च्या, बंद शटरं, क्रिकेट. जिना गाळ्याच्या शेजारून जात होता. तिथून कुणी गेलं असतं तर तिच्या अंगावरून गेलं असतं.

आणि मग आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. आपण आत्ता जे बोललो ते ओरडून बोललो नव्हतो. खाली मान घालून, हसत, साध्या आवाजात बोललो होतो. यंत्र दुसऱ्या मजल्यावर होतं आणि कौशल्याबाईंनी सगळं ऐकलं होतं.

"आई, चला. चहा नको. घरी करू."

"उठले तर जागा जाईल."

"जाऊ दे ना... इथे आहे कोण?"

"गर्दी बघ किती आहे," कौशल्याबाई म्हणाल्या आणि रिकाम्या मजल्याकडे बघून त्यांनी अंग थोडं आवरून घेतलं, शेजारून कुणी ताट घेऊन चाललं असावं तसं.

रुपालीने त्यांचा दंड धरला. दंड गार होता. वातानुकूलन कधीच बंद पडलेलं, भर दुपार, आणि दंड पाण्यात ठेवल्यासारखा गार. तिने ओढलं. कौशल्याबाई तशा चणीने लहान. एरवी रिक्षातून उतरवताना त्यांचं वजन हाताला कळतही नसे. आता त्या तसूभर हलल्या नाहीत. खुर्चीसुद्धा हलली नाही.

"आई... ऐका ना माझं."

कौशल्याबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. नजर शांत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रुपालीने लग्नापासून आजवर कधी न पाहिलेलं सौजन्य होतं.

"अहो ताई," त्या म्हणाल्या, "माफ करा हं. ही जागा धरलेली आहे. आपण कृपा करून दुसरीकडे बघाल का?"

रुपालीने दंड सोडला. सासूने टोमणा मारला असता, ओरडल्या असत्या, तर काही वाटलं नसतं. ही बाई तिला ओळखत नव्हती. आत्ताच काही केलं नाही तर संध्याकाळी रोहनला काय सांगायचं? तुझी आई फूड कोर्टात आहे, माणसं आली की येईल?

तिने गाळ्याकडे हाक मारली. "अहो..." तो माणूस ऐकेना. दिसत तरी होतं का त्याला, कोण जाणे. कौशल्याबाईंच्या ओठांचा रंग हळूहळू उतरत होता. डोळे जिन्याकडे लागले होते. ते आता मिटत नव्हते.

धरलेली जागा कधी सुटते? रुपाली स्वतःलाच विचारत राहिली. भांडून सुटत नाही, ओढून सुटत नाही. ज्यांच्यासाठी धरली ती माणसं आली की सुटते. तेवढाच एक मार्ग, लहान पोरांनाही माहीत असलेला.

तिने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली. मांडीवर घेतली आणि त्या खुर्चीवर बसली.

"आलो," ती म्हणाली. "उशीर झाला... पण आलो आम्ही. आम्हीच ती माणसं."

कौशल्याबाईंनी एक लांब श्वास सोडला. असा की आत इतका वेळ तो होता कुठे असं वाटावं.

आणि त्याच क्षणी रुपालीच्या भोवती रविवार सुरू झाला. ताटांचा खणखणाट, नंबर पुकारणारा कर्णा, लाह्यांचा खमंग वास, मनगटावर फुकटचं अत्तर. पाठीमागून अरिबा हसत होती, नाकातून, तिचं ते नेहमीचं हसणं. "तिसरी नळी कुणी घेतली रे?" हा फैझल. खरी अरिबा कॅनडात झोपली असणार आणि खरा फैझल खराडीतल्या कुठल्याशा मीटिंगमध्ये मान डोलवत असणार, हे रुपालीला कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता. किती गार होतं तिथे. उद्याचं ऑफिस नाही, हप्ते नाहीत, कुणाचे कान नाहीत. बस सुटायला अजून वेळ होता. मागे वळून बघितलं की ते दोघं दिसणार होते. फक्त वळायचं आणि बसून राहायचं. ती वळू लागली.

"बसलीस काय ठाण मांडून?"

कौशल्याबाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, शाल खांद्यावर, चष्म्याचं घर हातात.

"चहा गार झाला, साय धरली. मला म्हणे जागा धरा. एवढं ओस पडलंय, चोरसुद्धा येणार नाही इथे. ऊठ."

त्यांनी सुनेचा हात धरून ओढला. ओढ म्हाताऱ्या हाताची, पण ऊबदार होती. रुपाली उठली. रविवार एकदम थांबला. लाह्यांच्या जागी पुन्हा खवट तेल आलं.

जिन्यावरून तिने सासूला जवळजवळ पळवत खाली आणलं. केंद्रातल्या मुलीने दुरुस्त केलेलं यंत्र पुढे केलं. कानात बसवून बघायलाही रुपाली थांबली नाही. रिक्षात बसल्यावर तिने ते स्वतःच्या हाताने त्यांच्या कानात घातलं.

"आई, मी कोण?"

"हे विचारायला अर्धी रजा टाकलीस?" कौशल्याबाई म्हणाल्या आणि रिक्षावाल्याला, "अहो, खड्डे मोजायचेत का तुम्हाला? चुकवत एकही नाही म्हणून विचारते."

रुपाली रडली आणि हसली. त्या मुलीबद्दल तिने विचारलं तेव्हा कौशल्याबाईंना कुठलीच मुलगी आठवेना. त्यांना चहाची साय तेवढी आठवत होती. रुपालीने पुढे विषय काढला नाही. आपण तिथे बसून जे बोललो, तेही ती कुणाला सांगणार नव्हती. सुटकेसाठी बोललेले शब्द ते. कुणी ऐकलेच असतील असं थोडंच आहे?

संध्याकाळी रोहन ऑफिसातून वेळेवर आला. रुपालीने त्याला नुसतं, यंत्र झालं, एवढंच सांगितलं होतं. तो हातपाय धुऊन, मोबाइलमध्ये डोळे घालून जेवायला आला. कौशल्याबाई आधीच बसल्या होत्या, रुपाली पोळ्या घेऊन येत होती. टेबलाला खुर्च्या तीन, माणसंही तीन. रोहन खिडकीकडच्या त्याच्या नेहमीच्या खुर्चीशी गेला. पाठीवर हात ठेवून त्याने ती ओढली, आणि थांबला.

"सॉरी," तो खुर्चीला म्हणाला. मग खुर्ची अलगद होती तशी आत सरकवली, आणि मोबाइलमधून मान वर न काढता स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून तो त्याच्यावर जेवायला बसला.